योग्य वजन कसे ठरवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने प्रौढ व्यक्तींसाठी आहेत. मुले, गर्भवती स्त्रिया आणि वयस्कर मंडळी यांना लावायचे निकष निराळे असल्याने त्यांच्यासाठीचे प्रश्न शेवटी स्वतंत्रपणे घेतले आहेत.

माझ्या उंचीला नेमके किती वजन योग्य आहे?

नेमका एक आकडा कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे थोडे संशयानेच पाहावे. उंचीवरून वजनाचा एक पट्टा सांगता येतो आणि तो बराच रुंद असतो. १६५ सेंटीमीटर उंचीच्या प्रौढ व्यक्तीसाठी प्रचलित आंतरराष्ट्रीय निकषांनुसार हा पट्टा साधारण ५०.५ ते ६८ किलोंचा, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोंचा आहे. या पट्ट्यात आपली जागा कोठे हे हाडांची ठेवण, स्नायूंचे प्रमाण, वय, चरबी साठण्याची जागा आणि घरातील आजारांचा इतिहास यांवर ठरते. त्यामुळे उंचीवरून काढलेला पट्टा ही तपासणीची पहिली पायरी समजावी. तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

बीएमआय कसा काढतात आणि त्याचे टप्पे कोणते?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजेच शरीर वस्तुमान निर्देशांक, मिळतो. उदाहरणार्थ, उंची १.६५ मीटर असेल तर तिचा वर्ग २.७२ येतो, आणि वजन ६६ किलो असेल तर निर्देशांक सुमारे २४.२ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ पेक्षा कमी म्हणजे कमी वजन, १८.५ ते २४.९ म्हणजे सर्वसाधारण, २५ ते २९.९ म्हणजे अतिरिक्त वजन आणि ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे स्थूलता. स्थूलतेचेही पुढे ३५ आणि ४० या आकड्यांवर टप्पे पाडलेले आहेत.

उंची मात्र खरोखर मोजावी. अनेक जण महाविद्यालयीन वयात कधीतरी मोजलेली उंची आयुष्यभर सांगत राहतात. या सूत्रात उंचीचा वर्ग होत असल्याने दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकानेही माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकतो.

हे सूत्र मुळात आले कोठून?

बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात लोकसमूहातील 'सरासरी माणसाचा' अभ्यास करताना प्रौढांचे वजन ढोबळमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे नोंदवले. त्यांना ना कोणाची स्थूलता मोजायची होती, ना कोणाला उपचार सुचवायचे होते. १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन-उंचीच्या विविध सूत्रांची तुलना करून हेच सूत्र त्यातल्या त्यात उपयुक्त असल्याचे दाखवले आणि त्याला आजचे नाव दिले. तात्पर्य, हे सूत्र समूहाच्या अभ्यासासाठी जन्मले आणि पुढे एकेकट्या माणसाच्या कागदपत्रांवर येऊन बसले. त्याच्या बहुतेक मर्यादांचे मूळ या प्रवासात आहे.

टप्प्यांचे आकडेही दगडावरची रेघ नाहीत. अमेरिकेत १९९८ पर्यंत अतिरिक्त वजनाची सीमा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ मानली जात असे. त्या वर्षी ती दोघांसाठी २५ करण्यात आली आणि लक्षावधी लोक एका रात्रीत, एक ग्रॅमही वजन न वाढता, अतिरिक्त वजनाच्या गटात आले.

आशियाई लोकांसाठी वेगळ्या मर्यादा का सांगितल्या जातात?

कारण समान निर्देशांक असताना अनेक आशियाई लोकसमूहांत शरीरातील चरबीचे प्रमाण अधिक आढळते, ती पोटाभोवती जास्त साठते आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी वजनावरच वाढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये मूळ वर्गवारी कायम ठेवून, आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे अतिरिक्त टप्पे सुचवले. भारतातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीत २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरली आहे. वरच्या उदाहरणातील २४.२ निर्देशांकाची व्यक्ती म्हणूनच एका तक्त्यात सर्वसाधारण ठरते, तर दुसऱ्यात अतिरिक्त वजनाची.

हा फरक एका छायाचित्राने फार नेमका दाखवला. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांनी आपलेच छायाचित्र शेजारी-शेजारी उभे राहून प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. मात्र भारतीय डॉक्टरांच्या शरीरातील चरबी २१.२ टक्के, तर ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के भरली. दोघांकडे पाहून आणि दोघांना काट्यावर उभे करूनही हा दुपटीहून अधिक असलेला फरक लक्षात आला नसता.

बीएमआय कोणाच्या बाबतीत फसवा ठरतो?

हा निर्देशांक वजन मोजतो, पण ते वजन कशाचे आहे हे सांगत नाही. कसदार व्यायाम करणाऱ्या व्यक्तीचे स्नायू, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे अंगात साचलेले पाणी आणि पोटातील चरबी हे सारे त्याच्या लेखी सारखेच. कुस्तीपटू किंवा भारोत्तोलक स्थूल ठरण्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, परंतु आपल्यापैकी फारच थोडे जण त्या गटात मोडतात. ‘माझी हाडेच जड आहेत’ किंवा ‘हे सगळे स्नायू आहेत’ अशी समजूत करून घेण्यापूर्वी कंबरेला टेप लावून पाहावी.

उलट दिशेची चूक अधिक सर्रास होते आणि ती अधिक घातकही आहे. हातपाय बारीक, पोट सुटलेले आणि बीएमआय २२ अशा माणसाला कोणीच सावध करत नाही, कारण तक्त्यात तो निरोगी दिसतो. याशिवाय फार उंच व्यक्तींचा निर्देशांक वास्तवापेक्षा थोडा जास्त आणि फार बुटक्या व्यक्तींचा थोडा कमी येतो. स्त्रियांमध्ये त्याच निर्देशांकाला पुरुषांपेक्षा चरबी अधिक असते, आणि ते नैसर्गिकच आहे.

मग कंबरेच्या घेराला एवढे महत्त्व कशासाठी?

चरबी किती आहे याइतकेच ती कोठे आहे याला महत्त्व आहे. मांड्या, नितंब आणि दंड यांच्या त्वचेखाली साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र चयापचयाच्या दृष्टीने सक्रिय असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये इन्सुलिनचे काम बिघडवतात, यकृतात चरबी साठू लागते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात वाहणारी चरबी, वाढतात. बाहेरून ही चरबी चिमटीत धरता येत नाही, परंतु तिचा अंदाज कंबरेच्या घेरावरून बऱ्यापैकी येतो.

दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ती ९४ आणि स्त्रियांसाठी ८० असून, १०२ आणि ८८ च्या पुढे धोका लक्षणीय वाढलेला धरतात. याहून सोपा निकष म्हणजे कंबर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये हा निकष स्वीकारला. तिच्या वर्गवारीनुसार कंबर-उंची गुणोत्तर ०.४ ते ०.४९ असल्यास ते चांगले, ०.५ ते ०.५९ असल्यास धोका वाढलेला आणि ०.६ च्या पुढे असल्यास धोका बराच जास्त. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीची कंबर म्हणून ८२.५ सेंटीमीटरच्या आत हवी. एकच माप निवडायचे झाले तर मी हेच निवडेन, कारण त्यासाठी वजनकाटाही लागत नाही.

कंबर बरोबर कशी मोजायची?

पँटचा क्रमांक म्हणजे कंबर नव्हे, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. पोट सुटते तशी पँट खाली सरकत जाते आणि क्रमांक वर्षानुवर्षे तोच राहतो, त्यामुळे ‘माझी कंबर अजूनही चौतीसच’ असे सांगणाऱ्यांची टेपने मोजलेली कंबर अनेकदा चाळीस इंच भरते.

कपडा बाजूला करून सरळ उभे राहावे आणि पावलांत थोडे अंतर ठेवावे. बाजूने चाचपून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड शोधावी, आणि या दोहोंच्या बरोबर मध्यावर टेप लावावी. टेप मागच्या बाजूला हमखास खाली घसरते, म्हणून ती सर्व बाजूंनी आडवी आहे याची आरशात किंवा दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी. टेप अंगाला टेकलेली असावी, पण कातडीत रुतू नये. श्वास सहज बाहेर सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. दोनदा मोजावे आणि दोन मापांत एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा दोनदा मोजावे.

कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर पाहावे का?

पाहता येते. पुरुषांत ०.९० आणि स्त्रियांत ०.८५ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मात्र दोन मापांत दोन ठिकाणी चूक होऊ शकते आणि वजन उतरताना कंबर व नितंब दोन्ही कमी झाले तर गुणोत्तर जागेवरच राहते. घरगुती देखरेखीसाठी कंबर-उंची गुणोत्तर अधिक सोयीचे आहे.

घरच्या डिजिटल काट्यावर दिसणारी चरबीची टक्केवारी विश्वासार्ह असते का?

असे काटे तळपायांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतात आणि शरीराने त्याला केलेल्या अवरोधावरून चरबीचे प्रमाण गणिताने काढतात. पाणी असलेल्या ऊतींतून प्रवाह सहज जातो, चरबीतून कष्टाने जातो. त्यामुळे पाणी कमी प्यायलेले असणे, नुकताच झालेला व्यायाम, ताप किंवा जेवण यांनी आकडा बदलतो. शिवाय केवळ पायांवर उभे राहायच्या काट्यातील प्रवाह मुख्यतः शरीराच्या खालच्या भागातूनच फिरतो, आणि आपली चिंता असते पोटाची. एकच काटा, एकच वेळ आणि सारखी स्थिती राखून काही महिन्यांचा कल पाहण्यापुरता त्याचा उपयोग करावा. सुटा आकडा मनावर घेऊ नये. अधिक अचूक मोजमापासाठी क्ष-किरणांनी केला जाणारा डेक्सा स्कॅन असतो. तो सर्वांना गरजेचा नसतो.

‘उंचीतून शंभर वजा करा’ हा जुना नियम चालेल का?

सेंटीमीटरमधील उंचीतून शंभर वजा करण्याचा हा ठोकताळा फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावाने ओळखला जातो. १६५ सेंटीमीटरला तो ६५ किलो सांगतो, जे वरच्या पट्ट्यात बसते, पण पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे. स्त्री-पुरुष, वय, बांधा यांचा त्यात विचारच नाही. विसाव्या शतकात मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी विमा कंपनीचे तक्तेही असेच जगभर पोहोचले. ते विमाधारकांच्या मृत्यूंच्या नोंदींवरून बनवलेले होते आणि १९८३ च्या आवृत्तीतील आकडे तर अंगावरचे कपडे आणि बुटांची टाच धरून दिलेले होते. काही रुग्णालयांत दिसणारे ‘आदर्श वजन’ १९७४ च्या एका सूत्रातून येते, ज्याचा हेतू औषधाची मात्रा ठरवण्याचा होता. कोणाचे वजन आदर्श, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे कधीच नव्हते.

समग्र दृष्टीने पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे?

समग्र या शब्दाआड बरेच काही खपवले जाते, म्हणून ठोस बोललेले बरे. काटा आणि टेप यांच्या पलीकडे चार गोष्टींची दखल घ्यावी लागते.

पहिली म्हणजे शरीराच्या आतली स्थिती. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी चाचणी, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड, आणि गरज असल्यास यकृताची तपासणी. उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅमच्या आत आणि एचबीएवनसी ५.७ टक्क्यांच्या आत असणे सर्वसाधारण मानले जाते, तर एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास ते मधुमेहाच्या कक्षेत येते. कंबर वाढलेली असून हे आकडे सीमेवर असतील, तर बीएमआय काहीही म्हणो, वजनाकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे.

दुसरी गोष्ट क्षमतेची. तीन जिने न थांबता चढता येतात का? जमिनीवर बसून हातांचा आधार न घेता उठता येते का? बऱ्यापैकी वेगाने चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का? हे प्रश्न साधे आहेत, पण हृदय, फुप्फुसे, सांधे आणि स्नायू यांबद्दल ते जे सांगतात ते कोणताही निर्देशांक सांगत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्व वजनाच्या प्रौढांना लागू आहे. वजन तसूभरही न हलता नियमित व्यायामाने रक्तदाब आणि साखर सुधारू शकते.

तिसरी गोष्ट झोप, मन आणि खाण्याशी असलेले नाते. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा पेंगणे ही मानेभोवती व पोटात वाढलेल्या चरबीची खूण असू शकते. अपुरी झोप भूक वाढवते. आणि एखादी व्यक्ती तक्त्याप्रमाणे अगदी योग्य वजनाची असूनही दिवसभर घासाघासाचा हिशेब करत असेल, जेवण टाळत असेल किंवा खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, तर ते वजन निरोगी म्हणता येणार नाही.

चौथी गोष्ट म्हणजे वजनाचा इतिहास. विशीपासून आजवर वजन किती बदलले, केव्हा आणि कशामुळे? पंचविसाव्या वर्षी ५४ किलो असलेली व्यक्ती चाळिशीत ६७ किलोंवर आली असेल, तर पट्ट्याच्या आत असूनही त्या तेरा किलोंतील बहुतांश वाढ चरबीची असण्याची शक्यता दाट आहे. सतत ६७ किलोंवरच राहिलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी.

आयुर्वेदात वजनाचा विचार कसा केला आहे?

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही अवस्थांना निंद्य म्हटले आहे आणि ‘सममांसप्रमाण’, म्हणजे मांसाचे प्रमाण व बांधा सम असलेला, दृढ इंद्रियांचा माणूस चांगला मानला आहे. अतिस्थूलतेच्या दोषांत आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, अतिघाम, अतिभूक आणि अतितहान यांची गणना आहे. येथे किलोंचा हिशेब नाही, लक्षणे आणि कार्यक्षमता यांवर भर आहे, आणि या बाबतीत तो विचार आजच्या वैद्यकाच्या बराच जवळ जातो. प्रकृती वातप्रधान की कफप्रधान यावरून बांध्याचे वर्णन करता येते, परंतु ‘माझी प्रकृतीच कफाची’ म्हणून वाढलेल्या साखरेकडे काणाडोळा करण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

बीएमआय जास्त आहे, पण सर्व तपासण्या चांगल्या आहेत. वजन कमी करायलाच हवे का?

या प्रश्नावर वैद्यकातही विचार बदलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने स्थूलतेचे दोन प्रकार सुचवले. अवयवांवर किंवा दैनंदिन हालचालींवर परिणाम झालेला असेल तर ती आजाररूप स्थूलता, आणि चरबी जास्त असूनही परिणाम दिसत नसेल तर आजारपूर्व स्थूलता. निदान केवळ बीएमआयवर न करता कंबरेसारख्या दुसऱ्या मापाने किंवा चरबीच्या प्रत्यक्ष मोजणीने त्याची खातरजमा करावी, असेही आयोगाने म्हटले आहे. म्हणजे आज तपासण्या चांगल्या असतील तर घाबरून कडक आहार सुरू करण्याचे कारण नाही. मात्र ही स्थिती पुष्कळांत कालांतराने बदलते, म्हणून वर्षातून एकदा तपासणी आणि वजन आणखी वाढू न देणे एवढे तरी करावेच.

कमी करायचे ठरवले तर किती?

लक्ष्य तक्त्यातील आकड्याचे नसावे. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड यांत अर्थपूर्ण सुधारणा होते. ८४ किलोंच्या व्यक्तीसाठी हे ४ ते ८ किलो झाले. घाईने उतरवलेल्या वजनात स्नायूंचाही मोठा वाटा जातो, आणि पुढे वजन परतते तेव्हा ते बहुधा चरबीच्या रूपाने परतते.

वजन किती वेळा करावे?

आठवड्यातून एकदा पुरेसे आहे, सकाळी, शौचानंतर, न्याहारीपूर्वी आणि सारख्याच कपड्यांत. दिवसभरात एक-दोन किलोंचा चढउतार पाणी, मीठ, आतड्यांतील अन्न आणि मासिक पाळी यांमुळे होतो. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे यकृत व स्नायूंतील साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कोणत्याही आहाराच्या पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तो बहुतांशी या पाण्यामुळे.

वजन कमी असणे धोक्याचे नसते ना?

असते. १८.५ च्या खाली प्रतिकारशक्ती, हाडांची घनता आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीची नियमितता यांवर परिणाम होऊ शकतो. काही जण जन्मतः सडपातळ असतात आणि ठणठणीत असतात, त्यांनी ओढूनताणून वजन वाढवू नये. पाळी थांबणे, सतत थकवा किंवा केस गळणे यांची साथ असेल तर मात्र तपासणी आवश्यक आहे.

मुलांना हेच आकडे लागू होतात का?

नाही. वाढत्या वयात बीएमआयचे सर्वसाधारण मूल्य दरवर्षी बदलते, म्हणून तो वय आणि लिंग यांनुसार वाढीच्या आलेखावर पाहतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आणि ५ ते १९ वयोगटासाठी २००७ चे आलेख उपलब्ध आहेत. एका बिंदूपेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची. मुलांसमोर त्यांच्या वजनावर शेरे मारू नयेत आणि डॉक्टरांशी होणारे बोलणेही शक्यतो त्यांच्या माघारी करावे.

गर्भारपणात वजन किती वाढावे?

ते गर्भधारणेपूर्वीच्या बीएमआयवर अवलंबून असते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीनुसार एकच बाळ असताना सर्वसाधारण बीएमआय असलेल्या स्त्रीचे वजन ११.५ ते १६ किलो, कमी वजनाच्या स्त्रीचे १२.५ ते १८ किलो, अतिरिक्त वजनाच्या स्त्रीचे ७ ते ११.५ किलो आणि स्थूल स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढणे अपेक्षित आहे. प्रत्यक्ष सल्ला आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचाच मानावा.

साठीनंतर काय बदलते?

वयानुसार स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे काटा स्थिर असतानाही शरीर आतून बदललेले असते. मणके दबून उंची घटते आणि बीएमआय विनाकारण वाढलेला दिसतो. या वयात किंचित अधिक वजन तरुणपणाइतके अपायकारक नसल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, तर स्नायू गमावणे मात्र पडणे, हाड मोडणे आणि परावलंबन यांकडे नेते. म्हणून येथे हाताची पकड आणि चालण्याचा वेग पाहतात. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी असणे ही स्नायुक्षयाच्या शक्यतेची खूण मानली आहे. पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांची हमी नसताना आजीआजोबांना केवळ वजन उतरवायला सांगणे मला धोक्याचे वाटते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर लवकर जावे, मग मूळ वजन कितीही असो. थायरॉइडचा आजार, अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, कर्करोग आणि नैराश्य यांची ही सुरुवातीची खूण असू शकते, आणि जाडसर माणसाचे वजन उतरले की भोवतालचे लोक कौतुक करतात, त्यात ही खूण नेमकी निसटते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पायांवर सूज आली किंवा धाप लागू लागली, तर ते पाणी साठल्याचे लक्षण आहे आणि त्यासाठी त्याच दिवशी दाखवावे. नवीन औषध सुरू झाल्यावर वजन वाढू लागले असेल, विशेषतः स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसोपचाराची काही औषधे, तर औषध स्वतः बंद न करता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. जाताना गेल्या काही महिन्यांच्या वजनाच्या आणि कंबरेच्या तारीखवार नोंदी व चालू औषधांची यादी बरोबर न्यावी.